आडाजवळ मी भुयारच सांगितलं होतं

या ग्रुपवर गेली तीन वर्षं मी नुसता वाचतोय. वाचायचो आणि हसायचो, खोटं कशाला बोलू? कुणाच्या मागं पैंजण वाजतात, कुणाला वळणावर बाई हात करते... मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि म्हणायचो, 'बघ, ह्यांना रात्रीचं पचत नाही.' देवाचंही माझं बेताचंच. अंबाबाईला नवरात्रात एकदा जातो, ते पण आई मागं लागते म्हणून. त्यामुळं खालचं वाचून तुम्ही हसलात तर मी रागावणार नाही. आता माझी पाळी आहे, एवढंच.

कोल्हापुरात, मिरजकर तिकटीजवळ माझं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे. आठवडाभर लोक मला 'ओ झेरॉक्स' अशी हाक मारतात. रविवारी सकाळी मात्र मी 'सर' होतो. कारण साडेसहाला मी गावातल्या जुन्या जागा दाखवायचा वॉक घेतो. फुकट. हौस म्हणून. कपिलतीर्थ मंडईपासून सुरू करतो, भाजीच्या पाट्यांमध्ये उभं राहून सांगतो की बाबांनो, तुमच्या पायाखाली एके काळी तळं होतं. मग गांधी मैदानावर, तेही जुनं तळंच, जाऊन क्रिकेट थांबवतो, 'पोरांनो, तुम्ही वरुणतीर्थात बॅटिंग करताय!' लोकांना लई आवडतं. तिथनं खासबाग, मिरजकर तिकटी, आणि शेवट मंगळवार पेठेतल्या एका गल्लीत. गल्लीचं नाव लिहीत नाही, तिथं माणसं राहतात.

त्या गल्लीत एक आड आहे. म्हणजे अरुंद, गोल विहीर. काळ्या दगडात बांधलेला, वर लोखंडी जाळी, शेजारी लिंबाचं झाड. काठावर एक दगड आहे, त्यावर आड बांधून देणाऱ्याचं नाव कोरलंय. त्यांचे नातू, अण्णा, समोरच्याच घरात राहतात, भांड्यांचे व्यापारी. मोठ्या मनाचा माणूस. दर रविवारी वॉक संपला की सगळ्यांना त्यांच्या अंगणात पोहे आणि चहा. पंचवीस माणसं असली तरी कपाळावर आठी नाही.

आता अडचण अशी की आडाबद्दल सांगायला माझ्याकडं काहीच नव्हतं. दानशूर गृहस्थ, आड बांधला, लोकांची सोय झाली - वीस सेकंदांत संपलं. शेवटचा थांबा असा फुसका झाला तर काय राहिलं? मग मी भुयार घातलं. 'आत खाली एक कमान आहे, तिथून भुयार निघतं ते थेट पन्हाळ्यावर!' कोल्हापुरात कुठल्याही जुन्या भोकातून पन्हाळ्याला भुयार जातंच, ही इथली रीतच आहे, मी काही नवीन केलं नाही. वर एक विनोद ठेवला होता - 'म्हणजे बघा, एसटीची वाट बघायला नको.' हमखास हशा. चार मिनिटं छान निघायची.

मागच्या नोव्हेंबरात हौसाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई दुकानात आल्या. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता, त्याच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला. पांढरं लुगडं, हातात काठी, ऐंशीच्या पुढं वय. सिद्धार्थनगरातनं चालत आल्या होत्या. भिंतीवर वॉकचं पोस्टर होतं, त्यावर आडाचा फोटो. मशीन चालू असताना हौसाबाई त्या फोटोपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"ह्यो आड तुमचा व्हय?"

"माझा कसला, आज्जी. मी लोकांना दाखवतो फक्त."

"काय दावता?"

"इतिहास. जुन्या गोष्टी."

"मग आमच्या आईचं नाव घेता का न्हाई?"

मी मशीन बंद केलं आणि त्यांना स्टूल दिलं.

त्यांच्या आईचं नाव तानू. आड खणायला जी माणसं होती ती सगळी त्यांच्या वस्तीतली. बापये खणायचे, बायका खाली उतरून माती पाट्यांत भरायच्या. हौसाबाई तेव्हा सहा-सात वर्षांच्या, लिंबाखाली बसलेल्या असायच्या. एक दिवस कड ढासळली. बाकीचे वर आले, तानू आली नाही. तिला काढायला संध्याकाळ झाली. पुढं चार दिवसांत पाणी लागलं. गुलाल उधळला, गल्लीतल्या बायकांनी आडाची ओटी भरली.

"आमची माणसं लांब हुबी होती," हौसाबाई म्हणाल्या. "त्या आडाचं पाणी आमाला कवाच मिळालं न्हाय. शिवायचंच न्हाय तर प्यायचं कुठलं? पुढं आमी बौद्ध झालो, नळ आलं, कोण इचारतंय आता आडाला. पर आई त्यात गेली की वो माझी."

मी विचारलं, "आज्जी, तुम्हाला काय वाटतं, तिथं पाटी लावावी का?"

"पाटी नको, काय नको. तुमी माणसं गोळा करताच हाय, तर एकदा तिथं हुबं ऱ्हाऊन तोंडानं तिचं नाव घ्या. तानू. बास."

"घेतो की आज्जी. ह्याच रविवारी घेतो."

मनापासून बोललो होतो, देवाशपथ. पण रविवारी आडापाशी पोचलो आणि समोर दारात अण्णा उभे. हातात किटली, चेहऱ्यावर हसू. आता ह्या माणसाच्या आज्ज्याच्या आडात एक बाई गाडली गेली आणि तिच्या माणसांना पाणी शिवू दिलं नाही, हे मी त्याच्याच अंगणात पोहे खायच्या आधी सांगायचं? जीभ उचलेना. म्हटलं, पुढच्या रविवारी. भुयार सांगितलं, लोक हसले, पोहे खाल्ले.

पुढचाही रविवार तसाच गेला. त्याच्या पुढचाही.

डिसेंबरात हौसाबाई परत आल्या. काही काम नव्हतं. नुसतं विचारायला. "घेतलं का नाव?"

आणि मी म्हणालो, "घेतलं की, आज्जी."

त्यांचा चेहरा असा फुलला... "मग? काय म्हणली लोकं?"

"लोक गप्प झाले, आज्जी. सगळे गप्प झाले."

हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. भुताखेतांचं राहू द्या, त्या दिवशी त्या दुकानात जे झालं त्यापेक्षा वाईट माझ्या हातून काही झालेलं नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही गल्लीत शिरलो तर आडाजवळ रिक्षा उभी. हौसाबाई उतरून लिंबाखाली थांबल्या होत्या. स्वच्छ पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. ऐकायला आल्या होत्या. मी त्यांना बघितलं, त्यांनी मला बघितलं. दारात अण्णा होते. त्या दिवशी त्यांचे व्याहीही आले होते, अण्णांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं आज्ज्याचं नाव ऐकायला.

मी भुयार सांगितलं.

पहिल्यापासून शेवटपर्यंत, विनोदासकट. हौसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच निघून गेल्या नाहीत. लोक पोह्यांकडं वळले तेव्हा त्या काठी टेकत रिक्षात बसल्या आणि गेल्या. मी मागनं गेलो नाही. हातात बशी होती माझ्या.

तीन आठवड्यांनी त्यांचा मुलगा मिलिंद दुकानात आला. कॉलेजात लॅबमध्ये कामाला असतो, शांत माणूस. आईच्या मृत्यूच्या दाखल्याच्या पाच प्रती हव्या होत्या. मी काढून दिल्या. कागद मशीनमधनं बाहेर येताना त्यावरचं नाव पाच वेळा वाचलं आणि त्याला एवढंच म्हणालो, "वाईट झालं." आईनं माझ्याबद्दल त्याला काही सांगितलं होतं का, हे विचारायची हिंमत झाली नाही.

आता मूळ गोष्ट.

त्यानंतरच्या रविवारी एकवीस माणसं होती. अण्णा तेवढे परगावी गेले होते. मी नेहमीसारखंच सगळं केलं. आडाजवळ भुयार. हशा आला नाही, हे जाणवलं मला. म्हटलं, थंडी आहे, लोक पेंगलेत. संध्याकाळी मोबाइलवर फीडबॅकचे फॉर्म बघत बसलो. 'सर्वांत काय आवडलं' या रकान्यात पहिल्याच फॉर्मवर लिहिलेलं - 'तानूबाईंची गोष्ट. असा इतिहास कुणी सांगत नाही, धन्यवाद सर.'

दुसऱ्यावर - 'आडाजवळचे ते चार शब्द विसरणार नाही. तानूबाईंना नमस्कार.'

एकवीसपैकी सोळा जणांनी फॉर्म भरला होता. सोळाही जणांनी तानूबाईंबद्दल लिहिलेलं. भुयाराचं एकानंही नाही.

पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. हौसाबाईंनी आणखी कुणाला सांगितलं असेल, त्यांनी मिळून माझी जिरवायची ठरवली असेल. त्या सोळा जणांत इचलकरंजीच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, पहिल्यांदाच आल्या होत्या, इथं कुणाला ओळखत नव्हत्या. त्यांना फोन लावला. म्हटलं, "मॅडम, ही तानूबाईंची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली?"

त्या हसल्याच. "असं काय करता सर? तुम्हीच नाही का सांगितलीत! मला तर ते मुलीचं ऐकून राहवेनाच."

"मुलीचं काय?"

"ती काठावर येऊन पडेल म्हणून आईनं लुगड्याची पट्टी फाडून तिला लिंबाला बांधून ठेवलं होतं, ते. आणि कड ढासळल्यावर पोर ओढत राहिली, गाठ सुटेना... सर, तुमचा आवाज पण कापत होता की तेव्हा."

मी फोन ठेवला. हे मला माहीतच नव्हतं. हौसाबाईंनी मला हे सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिलिंदला फोन केला आणि भीत भीत विचारलं, आईला लहानपणी त्या लिंबाला बांधलं होतं का?

"तुमाला कुणी सांगितलं हे?" तो म्हणाला. "आई दवाखान्यात बोलली मला. शेवटच्या दिवशी. तोवर कुणालाच बोलली नव्हती. म्या माज्या बायकोला बी सांगितलं न्हाय अजून."

मी काहीतरी थाप मारून फोन बंद केला. थापा मारायची सवयच लागली होती.

डॉक्टरीणबाईंच्या मिस्टरांनी आडाजवळचा व्हिडिओ काढला होता. तो मागवून घेतला. दुकानाचं शटर अर्धं ओढून, आवाज मोठा करून बघितला. मी भुयारच सांगतोय! माझाच आवाज, कमान, पन्हाळा, सगळं. हात करून दाखवतोय. पण समोरची माणसं... एसटीचा विनोद झाला, मी स्वतःच हसलो, आणि समोर एकही माणूस हसत नाही. डॉक्टरीणबाई डोळे पुसतायत. एका आजोबांनी कानटोपी काढून हातात धरलीय. आणि मी आपला हसतोय. दहा वेळा बघितलं असेल. दहाही वेळा भुयारच.

दोन दिवसांनी अण्णा दुकानात आले. तरातरा. कुणीतरी फेसबुकवर तानूबाईंचं लिहिलं होतं आणि ते त्यांच्या व्याह्यांपर्यंत पोचलं होतं.

"काय वो सर, आमच्या दारात हुबं ऱ्हाऊन आमच्या आज्ज्यावर बोलता? चा पाजतो त्याचं हे व्हय?"

आणि मी काय केलं असेल? तिथंसुद्धा शेपूट घातली. "अण्णा, शपथ घेऊन सांगतो, मी भुयारच सांगितलं. हा बघा व्हिडिओ, ऐका तुम्हीच." मोबाइल त्यांच्या हातात दिला.

अण्णा उभ्यानं ऐकत होते. मलाही ऐकू येत होतं - कमान, पन्हाळा, एसटी. अण्णांचा चेहरा उतरत गेला. व्हिडिओ संपला तरी त्यांनी मोबाइल खाली केला नाही.

"पोरीला झाडाला बांधल्याली?" त्यांनी हळूच विचारलं.

मला जे ऐकू येत नव्हतं ते ह्यांना येत होतं.

अण्णा स्टुलावर बसले. म्हणाले, "आमचा आज्जा त्या आडाचं पाणी कवा प्याला न्हाय. घरात घागरी भरल्याल्या असायच्या, ह्यो आपला लांबनं दुसरं पाणी आणायचा. आमाला वाटायचं, काय तरी नवस असंल." उठताना म्हणाले, "खरं असंल तर सांगायला पायजे की. पर मला आधी सांगायचं हुतं, सर. म्या काय तुमाला खाल्लं असतं व्हय?"

म्हणजे बघा. ज्या माणसाला घाबरून मी सगळे रविवार भुयार सांगितलं, तो माणूस एका वाक्यात तयार झाला. नोव्हेंबरात विचारलं असतं तर नोव्हेंबरातच तयार झाला असता. हौसाबाई तेव्हा जिवंत होत्या.

मी ठरवलं, आता बास. पुढच्या रविवारी मिलिंदला निरोप पाठवून बोलावून घेतलं. अण्णा लिंबाखाली उभे राहिले. तेवीस माणसं. मी आडाच्या काठाला हात लावला आणि बोललो. सगळं बोललो. तानूबाईंचं नाव तीन वेळा घेतलं. ओटी, गुलाल, लांब उभी राहिलेली माणसं, लिंबाला बांधलेली पोर. हौसाबाईंशी मी खोटं बोललो, तेसुद्धा सगळ्यांदेखत सांगितलं. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं.

मान वर केली तर सगळे माझ्याकडं बघतायत. एकमेकांकडं बघतायत. एका बाईनं पाण्याची बाटली पुढं केली.

"सर, बरं वाटत नाही का? बसता का जरा?"

अण्णा जवळ आले. "काय झालं वो? मघापासनं नुसतंच तोंडाकडं बघाय लागलोय तुमच्या. बोला की."

मी म्हणालो, "अण्णा, आत्ता सगळं बोललो की मी!" अण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घाबरू नका. हुतंय असं कवा कवा."

मिलिंद मागं उभा होता. आठवड्याची एकुलती सुट्टी मोडून आला होता बिचारा. तो पुढं आला आणि फक्त एवढंच म्हणाला, "एवढ्यासाठी बोलावलं व्हय, सर?" आणि गेला.

कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आलो, मेंदूच्या डॉक्टरकडं जाऊन आलो. सगळं नॉर्मल. बाकी दिवसभर मी बोलतो ते लोकांना ऐकू येतं, गिऱ्हाइकांशी भांडतो तेसुद्धा ऐकू येतं. बायकोला हे सांगायला बसलो तर म्हणाली, "बोला की, गप्प का बसलाय?" आणि त्यानंतरच्या रविवारी आडाजवळ काही सुचेना म्हणून परत भुयार सांगितलं. संध्याकाळी फॉर्म आले. सगळ्यांनी तानूबाईंबद्दल लिहिलेलं.

तेव्हापासून मी दर रविवारी भुयारच सांगतो. दुसरा मार्गच नाही. खरं बोललो तर कुणाला काही ऐकू येत नाही, आणि खोटं बोललो तर त्यांना तिचं नाव ऐकू येतं. वॉक बंद केला तर तेही बंद. लोक रडतात, आडाला हात जोडतात, मला म्हणतात, 'सर, किती मनापासून सांगता.' मला मात्र प्रत्येक वेळी माझी तीच फालतू थाप ऐकू येते, शब्दन् शब्द. का, कसं, मला विचारू नका. इथं बरेच जाणकार आहेत, कुणाला काही कळत असेल तर सांगा. मला अजून काडीचं कळलेलं नाही. बोलता येत नाही म्हणून लिहून बघतोय. लिहिलेलं तरी तुमच्यापर्यंत पोचतंय का, ठाऊक नाही.

मागच्या रविवारी मिलिंद परत आला होता. कुणाकडून तरी ऐकलं असणार. न सांगताच मागं येऊन उभा राहिला. मी भुयार सांगत होतो आणि त्याच्याकडं बघायचं टाळत होतो. त्याला सगळं ऐकू आलं. लोक अंगणात गेल्यावर तो लिंबाखाली आला, डोळे लाल झालेले. त्यानं माझे हात हातात घेतले.

"लई चांगलं सांगितलं, सर. आज्जीचं नाव असं कुणी घेतलं न्हवतं." मग म्हणाला, "एक इचारू? आई सवता आल्ती की हितं ऐकाय. रिक्षा करून. घरी आली ती जेवली न्हाय, दोन दिस काय बोलली न्हाय. त्या दिवशी का न्हाई सांगितलं?"

मी त्याला खरं सांगितलं. मी घाबरलो होतो, मिलिंद. दारात पाव्हणे होते, मला चांगलं म्हणवून घ्यायचं होतं. तुझ्या आईला मी फसवलं.

तो माझ्या तोंडाकडं बघत उभा होता. मी परत सांगितलं, मोठ्यानं. मग तिसऱ्यांदा सांगितलं.

"सर," तो म्हणाला, "काय तरी बोला की."